बाटली उघडली की बियर उतते : दर मे महिन्यात परतणाऱ्या तक्रारीचा माग

सलग तीन वर्षं मे महिना लागला की आमच्याकडे एकच फोन यायचा. "साहेब, बूच काढलं की अर्धी बियर टेबलावर." आधी वाशीच्या एका हॉटेलातून, मग घोडबंदर रोडवरून, मग पनवेलहून. पहिल्या वर्षी मी स्वतः वाशीला गेलो. तिथल्या फ्रीजमधली एक बाटली काढली आणि ओपनर लावला. नेहमीसारखा फस्स आवाज आला आणि क्षणभर काहीच झालं नाही. मग तळापासून एक पांढरा खांब चढत वर आला, मानेतून बाहेर पडला आणि माझ्या मनगटावरून ओघळत राहिला. थांबेचना. बाटलीत शेवटी चार बोटं बियर उरली, तीही गाळ ढवळून गढूळ झालेली.

आमची ब्रुअरी महापेच्या एमआयडीसीत आहे. छोटीच आहे, एका वेळी हजार लिटर निघते. बियर ३३० मिलिलिटरच्या बाटल्यांत भरतो, भरताना मोजून साखर घालतो आणि गॅस बाटलीतच तयार होऊ देतो. पाश्चरायझेशन करत नाही, त्यामुळे बाटलीत यीस्ट जिवंत असतं. अशाच पद्धतीने काम करणाऱ्या, परवाना असलेल्या छोट्या ब्रुअरीतल्या लोकांसाठी हे लिहितोय. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बियर बनवणं गुन्हा आहे, तेव्हा घरच्या बादलीत हे प्रयोग करू नका.

आम्हाला खरं कारण सापडायला तीन वर्षं लागली. मधल्या दोन वर्षांत आम्ही दोन वेगळी कारणं "सापडली" असं समजून मोकळे झालो होतो. त्यातलं एक तर खरंही होतं, म्हणूनच आम्ही जास्त फसलो. तोच सगळा प्रवास सांगतो, कारण नुसतं उत्तर सांगून उपयोग नाही. तुमच्याकडचं कारण वेगळं असू शकतं.

आधी बाटल्यांना हात कसा लावायचा

उतणारी बाटली म्हणजे जास्त दाबाची बाटली असं समजूनच चाला. लिटरभर बियरमध्ये लिटरभर गॅस विरघळला असेल तर त्याला आपण एक व्हॉल्यूम म्हणतो. साध्या एलमध्ये (आम्ही काढतो तो बियरचा प्रकार) अडीच व्हॉल्यूम गॅस असतो. २० अंशांना अशा बाटलीत साधारण २ बार दाब असतो (एक बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाइतका), आणि तीच बाटली ३५ अंशांच्या गोदामात ठेवली की दाब ३ बारच्या आसपास जातो. हे झालं चांगल्या बाटलीचं. बिघडलेल्या बाटलीत गॅस दुप्पट असू शकतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ३५ च्या वरच असतं.

पहिल्या वर्षी आमच्या लोडिंगवरच्या एका मुलाने गरम क्रेट उचलून जोरात खाली ठेवली आणि एक बाटली फुटली. अंगठ्याला तीन टाके पडले. चष्मा नव्हता, हातमोजे नव्हते. चूक त्याची नव्हती, आमची होती. तेव्हापासून संशयित माल असला की आधी त्यावर ओली गोणपाटं टाकायची, चष्मा आणि जाड हातमोजे घालायचे, माल हळूच थंड खोलीत न्यायचा आणि रात्रभर ४ अंशांवर ठेवल्याशिवाय एकही बूच काढायचं नाही.

आणि घाबरून सगळा माल ओतून देऊ नका. नष्ट करायचा तर तसंही उत्पादन शुल्क विभागाच्या परवानगीनेच करावा लागतो. पण त्याहून मोठं कारण असं की त्या बाटल्या हाच तुमचा पुरावा आहे. आम्ही पहिल्या वर्षी परवानगी काढून सगळा लॉट नष्ट केला आणि त्याबरोबर उत्तरही गटारात घालवलं.

बाटलीला काय विचारायचं

सगळ्यात आधी बघायचं की किती बाटल्या उततात. क्रेटमधली एखाद-दुसरीच उतते, की सगळ्या? एखादीच असेल तर बहुतेक काचेचा दोष असतो. आपल्याकडे बाटल्या भंगारवाल्याकडून फिरून परत येतात, आतून चरे पडलेल्या असतात. धुताना लेबलचा कपटा किंवा गोंदाचा कण आत राहिला तरी त्याच्या खडबडीत जागेवर बुडबुडे धरतात. अशा बाटलीतल्या बियरची चव आणि गॅस दोन्ही ठीक असतात, फक्त उघडताना गोंधळ होतो. धुलाई सुधारा, बाटल्या उजेडात धरून निवडा, विषय संपला. यावर जास्त वेळ घालवू नका. आम्ही घालवला आहे.

दुसरा प्रश्न, भरल्यापासून किती दिवसांनी उतायला लागली? आठ-दहा दिवसांत सगळा लॉट सारखाच उतत असेल तर साखर जास्त पडली किंवा बियर अर्धवट आंबलेली असताना भरली. पहिला महिना छान गेला आणि पुढे हळूहळू वाढत गेलं, तर आत दुसरं कुणीतरी काम करतंय.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो आम्ही दोन वर्षं विचारलाच नव्हता. उतलेल्या बाटलीत उरलेल्या बियरची ग्रॅव्हिटी किती आहे?

ग्रॅव्हिटी म्हणजे पाण्याच्या तुलनेत बियर किती जड आहे तो आकडा. आमची ब्लाँड एल आंबायला ठेवताना १.०४८ असते आणि आंबून झाली की १.०१० वर थांबते. मधल्या साखरेचं यीस्टने अल्कोहोल आणि गॅस केला. या दोन आकड्यांतल्या फरकाला १३१ ने गुणलं की साधारण ५ टक्के अल्कोहोल येतं. बाटलीच्या भानगडीत मात्र दुसरा एक हिशोब पाठच हवा. बंद बाटलीत ग्रॅव्हिटी ०.००१ ने, म्हणजे एका पॉइंटने उतरली की साधारण अर्धा व्हॉल्यूम गॅस वाढतो. दोन पॉइंट उतरले की एक व्हॉल्यूम. अडीच व्हॉल्यूमच्या बियरमध्ये चार पॉइंट उतरले की ती साडेचार व्हॉल्यूमवर जाते, आणि मग ती बाटली राहत नाही, पिचकारी होते.

म्हणून उतलेली बाटली हातात आली की उरलेली बियर या भांड्यातून त्या भांड्यात दहा-बारा वेळा ओतून गॅस काढा, २० अंशांवर आणा आणि ग्रॅव्हिटी मोजा. भरताना, साखर घालण्याआधी, होती तेवढीच असेल आणि साखर मोजून बरोबर घातली असेल, तर गॅस जास्त झालेला नाही, दोष दाण्यात, पाण्यात किंवा काचेत आहे. कमी असेल तर बाटलीत साखर खाल्ली गेली आहे. निम्मं निदान या एका आकड्याने होतं.

पहिलं वर्ष : साखरेवर ढकललं

बाटलीत गॅस धरायला आम्ही लिटरला साडेसहा ग्रॅम साखर घालतो. हिशोब सरळ आहे. २० अंशांवर आंबलेल्या बियरमध्ये मुळातच ०.८५ व्हॉल्यूमच्या आसपास गॅस शिल्लक असतो. अडीचला पोचायला आणखी १.६५ हवा, आणि एका व्हॉल्यूमला लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखर लागते.

इथे एक खड्डा आहे, सांभाळा. शिल्लक गॅस किती हे बियर आत्ता किती थंड आहे त्यावर ठरत नाही. आंबणं संपताना किंवा त्यानंतर ती सर्वांत गरम किती झाली होती, त्यावर ठरतं. नवीन मुलं टाकीवरचा ४ अंशांचा आकडा बघतात आणि तक्त्यात ४ अंशांसमोरचा, म्हणजे दीडच्या जवळचा शिल्लक गॅस धरतात. मग साखर कमी पडते. उलट चूक करणारेही असतात.

आमचा हिशोब बरोबर होता. तरीही तक्रार आली म्हणून आम्ही साखर पाच ग्रॅमवर आणली. पावसाळ्यानंतर तक्रारी थांबल्या. आम्हाला वाटलं, जमलं. डिसेंबरमध्ये त्याच हॉटेलवाल्याचा फोन आला की बियर मिळमिळीत लागते, फेसच धरत नाही. म्हणजे रोग राहिला बाजूला, आम्ही निरोगी बियरचा गॅस कमी केला होता. साखर परत साडेसहावर गेली आणि पुढच्या मे महिन्यात फोन परत सुरू झाले.

दुसरं वर्ष : हायड्रोमीटर

या वर्षी सापडलं ते खरं कारण होतं, पण अपुरं.

आंबणं संपलं की नाही हे ठरवायला टाकीतून नमुना काढतो, काचेच्या उभ्या नळकांड्यात ओततो आणि हायड्रोमीटर, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती काचेची नळी, सोडतो. नमुन्यात गॅस असला तर बुडबुडे हायड्रोमीटरला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. म्हणून नमुना अर्धा तास टेबलावर ठेवून गॅस जाऊ द्यायची आमची पद्धत होती. पद्धत चांगली, पण टेबल होतं पंख्याखाली, एसी नसलेल्या खोलीत.

आमच्या हायड्रोमीटरवर बारीक अक्षरांत २० अंश सेल्सिअस असं छापलेलं आहे. म्हणजे नमुना २० अंशांवर असेल तरच आकडा खरा. डिसेंबरमध्ये खोली २४ अंशांवर असते, चूक एका पॉइंटची होते, चालून जाते. मे महिन्यात त्याच टेबलावर अर्ध्या तासात नमुना ३२ अंशांवर जातो. गरम झालं की द्रव हलका होतो, हायड्रोमीटर जास्त बुडतो आणि आकडा तीन पॉइंट कमी दिसतो. आम्ही १.०१० वाचत होतो तेव्हा बियर खरी १.०१३ वर होती. आंबणं संपलंच नव्हतं. ती आम्ही भरली, वर साखर घातली. राहिलेले तीन पॉइंट बाटलीत संपले आणि दीड व्हॉल्यूम गॅस फुकटचा वाढला.

हे ज्या दिवशी लक्षात आलं त्या दिवशी मी तो नमुना बर्फाच्या पाण्यात धरून बसलो होतो. थर्मामीटर ३२ वरून खाली येत होता आणि हायड्रोमीटरची मान काडी-काडीने वर येत होती. २५ ला १.०१२, २० ला १.०१३. डोळ्यांसमोर. आपण किती बाटल्या या एका टेबलामुळे बिघडवल्या असतील, हा विचार येऊन पोटात गोळा आला.

तेव्हापासून नमुना बर्फाच्या पाण्यात २० अंशांवर आणल्याशिवाय कुणी आकडा लिहीत नाही, आणि तापमानाचा रकाना रिकामा असेल तर ती नोंद धरत नाही. त्याच्या जोडीला आणखी एक चाचणी सुरू केली. आंबणं सुरू झालं की पाव लिटर वर्ट (ज्याची पुढे बियर होते ते धान्याचं गोड पाणी) उकळत्या पाण्यातून काढलेल्या फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात मुद्दाम भरपूर यीस्ट टाकायचं, २८ ते ३० अंशांवर ठेवायचं आणि अधूनमधून हलवायचं. दोन-तीन दिवसांत ते जिथे थांबेल, तो त्या वर्टचा तळ. टाकीतली बियर तिथे पोचली आणि पुढचे तीन दिवस हलली नाही, की मगच भरायची. याला खर्च काही नाही. ठाणे असो, तळोजा असो, जिथे खोलीचं तापमान वर्षभर बदलतं त्या प्रत्येक ब्रुअरीने हे करावं असं मी कळकळीने सांगेन.

त्या वर्षी जूननंतर तक्रारी घटल्या. मी भिंतीवर लिहून टाकलं : कारण सापडलं.

तिसरं वर्ष : टाकी ठीक, बाटली बिघडलेली

मे महिन्यात फोन आला तेव्हा खरं सांगतो, मला विश्वासच बसला नाही. पण या वेळी आमच्याकडे नोंदी होत्या. लॉटची फ्लास्कमधली चाचणी १.०१० वर थांबली होती. टाकी १.०१० वर होती, २० अंशांना मोजलेली. साखर बरोबर. आणि हॉटेलमधून परत आणलेल्या बाटलीतली बियर किती? १.००६.

चार पॉइंट. घातलेली साखर तर यीस्टने खाल्लीच होती, वर त्या बियरमधलं असं काहीतरी खाल्लं होतं जे आमचं यीस्ट खाऊच शकत नाही. बियर चाखली तर अंग, म्हणजे दाटपणा, गेलेलं, कोरडी, आणि मागे लवंगेसारखा वास. आमच्या ब्लाँडला लवंगेचा वास कधीच नसतो.

इथे दाण्यापर्यंत जावं लागतं. सातूला मोड आणून, भट्टीत सुकवून माल्ट करतात, आपल्याकडे नाचणीला मोड आणून सुकवतात तसंच. मोड येताना दाण्यात पिष्ट फोडणारी विकरं तयार होतात. माल्ट भरडून गरम पाण्यात कालवलं, म्हणजे मॅश केलं, की ती जागी होतात. ६२ ते ६५ अंशांवर एक विकर पिष्टाच्या टोकाकडून छोटी साखर तोडत जातं, ती यीस्टला पचते. ६८ ते ७२ वर दुसरं जोरात असतं, ते मधूनच कुठेही तोडतं आणि लांब साखळ्या मागे ठेवतं. त्या साखळ्या म्हणजे डेक्स्ट्रिन. नेहमीच्या यीस्टला त्या पचत नाहीत, त्या बियरमध्येच राहतात आणि तिला अंग देतात. आम्ही ब्लाँड ६७ अंशांवर मॅश करतो, म्हणून ती १.०१० वर थांबते. बाटलीतली १.००६ वर गेली, म्हणजे त्या साखळ्या तोडणारं कुणीतरी आत होतं.

साखळ्या तोडणाऱ्या यीस्टला डायस्टॅटिकस म्हणतात. एलच्या यीस्टचाच तो एक प्रकार. त्याच्याकडे एसटीए१ नावाचं जनुक असतं, त्यामुळे तो एक विकर बाहेर सोडतो आणि डेक्स्ट्रिनची साखर करून खातो. काम सावकाश चालतं. थंड खोलीत जवळजवळ गप्प असतो, उन्हाळ्याच्या गोदामात जोर धरतो. महिन्याभराने उतणं, मे महिन्यात उतणं आणि लवंगेचा वास, तिन्ही गोष्टी त्याच्या खात्यात जमा झाल्या.

बियर बिघडवायला दरवेळी बॅक्टेरियाच लागतो असं नाही, परकं यीस्टही पुरतं, हे १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सनने दाखवलं होतं. त्याने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि तेव्हापासून ब्रुअरी शुद्ध यीस्टवर चालायला लागल्या. घरात हे सगळ्यांना माहीतच असतं. दुसऱ्याचं विरजण पडलं की दही आपलं राहत नाही.

मग आमच्याकडे परकं विरजण कुठून आलं? टाकीतून काढून ३० अंशांवर ठेवलेला नमुना तीन आठवडे १.०१० वरच बसला होता. म्हणजे टाकी स्वच्छ. भरताना क्रेटवर क्रमांक टाकायची सवय होती, ती कामाला आली. त्या लॉटच्या पहिल्या चार क्रेटमधल्या बाटल्या आधी उतल्या होत्या, शेवटच्या क्रेट अजून शांत होत्या. पहिल्या बाटल्यांतून जे गेलं ते भरायच्या लाइनमध्ये साचलेलं होतं. आणि दरवर्षी याच सुमाराला का, हे तर आमच्या स्वतःच्या कॅलेंडरवर लिहिलेलं होतं. शिमग्याच्या आसपास आम्ही दरवर्षी सेझाँ काढतो. उन्हाळ्यासाठीची बेल्जियन पद्धतीची कोरडी बियर, तिला लवंग-मिऱ्याचा वास असतो. सेझाँच्या यीस्टपैकी बरेच प्रकार डायस्टॅटिकसच असतात, म्हणून तर ती इतकी कोरडी होते. तिच्या बियरमध्ये ते हवंच आहे. पण सेझाँनंतर त्याच पाइपातून, त्याच वॉल्वमधून आम्ही ब्लाँड भरत होतो.

लाइन आम्ही धूत नव्हतो असं नाही. दोन टक्के कॉस्टिक ७५ अंशांवर अर्धा तास, पाणी, मग आम्ल, पाणी, शेवटी जंतू मारायला पेरासेटिक आम्ल. वहीत प्रत्येक पायरीवर सही आहे. मग मी आमच्या फिटर काकांना म्हटलं, टाकीपासून फिलरपर्यंत जे जे खोलता येतं ते सगळं खोला. त्यांनी फिलरच्या आधीचा बॉल वॉल्व हातात घेतला आणि म्हणाले, "साहेब, हा कधी खोललाच नाय. उघडा-बंद करून धुतो, एवढंच."

व्हाइसमध्ये धरून त्यांनी तो सोडवला. आतला स्टीलचा गोळा बाहेरून लखलखीत. गोळा आणि वॉल्वच्या अंगाच्या मध्ये जी पोकळी असते, तिथे बोटाच्या नखाएवढा पिवळसर-तपकिरी थर होता, ओल्या शिळ्या भाकरीसारखा. वास लवंगेचा आला. काकांनी तो माझ्यासमोर धरला आणि आम्ही दोघंही काही बोललो नाही. बॉल वॉल्व उघडा असो की बंद, त्या पोकळीतून प्रवाह जातच नाही. कॉस्टिक गोळ्याच्या भोकातून सरळ निघून जातं आणि पोकळीतलं पाणी कोमट राहतं. तीन वर्षं तिथे सेझाँ बसून होती.

थराचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला, जनुक शोधणाऱ्या पीसीआर चाचणीत एसटीए१ सापडलं. हे करायला हरकत नाही. पण पैसे नसतील तर ग्रॅव्हिटी, वास आणि क्रेटचा क्रमांक या तीन गोष्टींवरूनही तुम्ही तिथवर पोचता.

दुरुस्ती अशी केली. भरायच्या लाइनवरचे सगळे बॉल वॉल्व काढून बटरफ्लाय वॉल्व बसवले. गॅस्केट आणि होज, रबर म्हणून जे काही होतं ते सगळं टाकून नवीन आणलं. चरा पडलेलं रबर धुऊन स्वच्छ होत नाही, हट्ट करू नका. सेझाँसाठी लाल पट्टी लावलेला वेगळा होज, वेगळी गॅस्केट, आणि ती भरायची ती हंगामातली शेवटची. त्यानंतर लाइन सुटी करायची, ब्रशने घासायची, आणि जोडल्यावर ८५ अंशांचं पाणी अर्धा तास फिरवायचं. तापमान लाइनच्या शेवटी मोजायचं, हीटरवर नाही. आम्ही मोजलं तेव्हा हीटरवर ८५ होतं आणि फिलरच्या तोंडाशी ६८. आणि कॉस्टिकनंतर पाणी पुरतं फिरवल्याशिवाय आम्ल सोडू नका. दोन्ही एकत्र आले की उसळतात.

तुमचं कारण यातलं नसेल तर

उतलेल्या बाटलीची ग्रॅव्हिटी भरतानाचीच निघाली, चव चांगली आहे, तरी सगळा लॉट उततो, तर मागे जा.

पाणी बघा. नवी मुंबई शहराला मोरबे धरणाचं पाणी मिळतं, आमच्या एमआयडीसीच्या पट्ट्याला बारवीचं. दोन्ही पावसाचं साठलेलं, मऊ. चहाला, वरणाला झकास. पण माल्टमध्ये ऑक्झलेट असतं आणि ते मॅशमध्येच कॅल्शियमला धरून खाली बसावं लागतं. पाण्यात कॅल्शियम कमी असलं तर ऑक्झलेट बियरबरोबर बाटलीपर्यंत येतं आणि तिथे त्याचे सूक्ष्म खडे होतात. त्या खड्यांच्या कडांवर गॅस फुटतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते पाकिटासारखे चौकोनी दिसतात. उपाय सोपा आहे : मॅशच्या पाण्यात कॅल्शियम क्लोराइड किंवा जिप्सम घालून कॅल्शियम लिटरला ५० ते १०० मिलिग्रॅमवर आणा. त्याने मॅशचा पीएचही ५.२ ते ५.६ च्या मध्ये बसायला मदत होते.

दाणा बघा. शेतात सातू कापणीला आलेली असताना पाऊस पडला तर कणसावर फ्युझेरियम बुरशी येते. ती हायड्रोफोबिन नावाचं प्रथिन सोडते, आणि ते उकळूनही मरत नाही, गाळूनही पुरतं जात नाही. ते गॅसच्या कणांभोवती पातळ कवच धरतं आणि बूच निघताच सगळं एकदम उसळतं. हा दोष शेतातला आहे, आपल्या गोदामातला नाही. पावसाळ्यात आपल्याकडे माल्ट ओल धरतं, मऊ पडतं, दळताना चपटं होतं. ते वाईटच, पण त्याने बियर उतत नाही. संशय असेल तर माल्टचा दाट काढा उकळून, गाळून सोड्याच्या बाटलीत घाला, बूच लावून दोन-तीन दिवस हलवत ठेवा आणि चांगल्या माल्टच्या बाटलीशेजारी ठेवून उघडा. फरक दिसला की माल्टचा लॉट बदला. त्यावर दुसरा इलाज नाही.

हॉप (बियरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) टाकीत थंड घालत असाल तर आणखी एक गोष्ट. हॉपमध्येही साखळ्या तोडणारी थोडी विकरं असतात. ब्राउन आणि मॉरिस यांनी इंग्लंडमध्ये १८९३ सालीच हे लिहून ठेवलं होतं. हॉप घातल्यावर आंबणं परत थोडं सुरू होतं, दोन-चार पॉइंट खाली जातं. म्हणून हॉप घातल्यानंतर पुन्हा तीन दिवस ग्रॅव्हिटी स्थिर बघून मगच भरा.

आता रोजचं काय करतो

प्रत्येक लॉटच्या बारा बाटल्या बाजूला काढतो. चार भरणीच्या सुरुवातीच्या, चार मधल्या, चार शेवटच्या. त्या झाकणाच्या लाकडी पेटीत, ३० अंशांवर. म्हणजे उन्हाळ्याचं गोदाम आधीच आपल्याकडे आणून ठेवायचं. दर सोमवारी एक बाटली रात्रभर थंड करून उघडायची, गॅस काढून २० अंशांवर मोजायची. सुरुवात नेहमी सुरुवातीच्या चारपैकी एकीने. दोन पॉइंट खाली दिसली की तो सगळा लॉट त्याच दिवशी थंड खोलीत जातो, बाहेर गेलेला माल परत बोलावतो.

मार्चमध्ये, सेझाँनंतर भरलेल्या ब्लाँडच्या सहा बाटल्या आतापर्यंत उघडल्या. सहाही १.०१० वर आहेत. सातवी येत्या सोमवारी आहे. ती उघडायला काकांनी मला थांबायला सांगितलंय.